३८ वर्षांनी 'फॉदरिंगे २' आला!

आडवळणी — ऑक्टोबर २००८

मंडळी, ज्यांना इंग्लिश गायिका सँडी डेनी हे नाव ठाऊक आहे त्यांच्यापर्यंत बातमी पोचली असेलच. बाकीच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो, कंटाळा आला तर थेट शेवटच्या परिच्छेदावर उडी मारा.

१९६९ च्या अखेरीस, 'लीज अँड लीफ' अल्बम बाजारात येत होता त्याच सुमारास, सँडीने फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा आपला बँड सोडला. इंग्लंडच्या जुन्या लोकगीतांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सची जोड देणारा तो अल्बम आज फोक-रॉकचा पाया मानतात, आणि ही बाई नेमकी तेव्हाच बाहेर पडली. तिला स्वतःची गाणी लिहायची होती आणि जोडीदार ट्रेव्हर लूकसपासून लांब राहायचं नव्हतं. मग १९७० च्या सुरुवातीला 'फॉदरिंगे' हा नवा बँड जमला: सँडी, ऑस्ट्रेलियाहून आलेला ट्रेव्हर, ड्रम्सवर जेरी कॉनवे, बेसवर पॅट डोनाल्डसन आणि गिटारवर अमेरिकन जेरी डोनाह्यू. (दोन जेरी आहेत, म्हणून धाग्यात आडनावानेच बोलू.) जूनमध्ये आयलंड रेकॉर्ड्सकडून पहिला अल्बम आला, ब्रिटनच्या यादीत १८ व्या क्रमांकापर्यंत चढला. वर्ष संपता संपता लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत दुसऱ्याचं काम सुरू झालं आणि जानेवारी १९७१ मध्ये बँडच मोडला. टेप फडताळात गेल्या.

सँडी १९७८ साली गेली, वय फक्त ३१. ट्रेव्हर १९८९ साली गेला. आता डोनाह्यूने त्या टेप शोधून, जुळवून, कॉनवे आणि डोनाल्डसनला पुन्हा बोलावून राहिलेलं काम पुरं केलं आहे. फ्लेजलिंग या छोट्या ब्रिटिश कंपनीने गेल्या महिन्यात सीडी काढली. ११ गाणी. माझ्याकडे कालच आली आणि आज ऑफिसला दांडी आहे.

कोणी ऐकलाय का? बोला.


सहावी तार — ऑक्टोबर २००८

दांडीचं कारण वैध आहे. बॉसचा फोन आला तर माझ्याकडे पाठव.

मी दोनदा ऐकला. पहिल्यांदा सँडीसाठी, दुसऱ्यांदा फक्त डोनाह्यूसाठी. हा माणूस टेलिकास्टर गिटारच्या तारा अशा काही ओढतो की गिटार मींड घेते राव. पुढे तर तो नटच्या (गिटारच्या मानेच्या टोकाची पट्टी) मागे, खुंट्यांकडच्या तुकड्यावर तार दाबून सूर चढवण्यासाठीच प्रसिद्ध झाला. म्हणजे मोकळी तारसुद्धा त्याच्या हातात वाकते. घरी करून बघा, बोटाची सालं निघतील. इथे तो २४ वर्षांचा आहे आणि तरी एक सूर जास्तीचा वाजवत नाही. गायिका गात असताना गप्प कसं बसावं हे आपल्याकडच्या अर्ध्या गिटारवाल्यांनी याच्याकडून शिकावं (त्यात मी आलो).


निर्मळ_नाना — ऑक्टोबर २००८

छान ओळख. सँडी डेनी म्हणजे लेड झेपलिन या रॉक बँडच्या चौथ्या अल्बमात रॉबर्ट प्लांटच्या जोडीने गाते तीच ना? चोर बाजारात ती एलपी मिळाली होती, तेव्हापासून हा आवाज डोक्यात आहे. ही बाई कोण ते मात्र आज कळलं.


आडवळणी — ऑक्टोबर २००८

नाना, तीच. 'द बॅटल ऑफ एव्हरमोर', १९७१. झेपलिनच्या स्टुडिओ अल्बमांत त्यांच्याखेरीज दुसरं कोणी गायलंय असं तेवढं एकच गाणं. तुम्ही बरोबर दारातून आत आला आहात.


टोचणी — ऑक्टोबर २००८

सगळे पेढे वाटताहेत म्हणून मिठाचा खडा टाकतो.

'हरवलेला अल्बम' असं सगळीकडे छापून येतंय. हरवला कुठे होता? तो झालाच नव्हता. १९७० मध्ये पाच जणांनी काही गाणी अर्धीमुर्धी मुद्रित केली आणि थांबले. त्यानंतर तीन जणांनी, साठी ओलांडल्यावर, आजच्या स्टुडिओत बसून मोकळ्या जागा भरल्या. जे दोघं 'हे नको, ती टेक (तो गायलेला प्रयत्न) घ्या' म्हणू शकले असते ते हयात नाहीत. त्यातली काही तर त्या दोघांचीच गाणी! सँडीला स्वतःचं गाणं किती वेळा पुसून लिहायची सवय होती हे तिच्याबद्दल वाचलेल्या कोणालाही ठाऊक आहे. तिने ही टेक मंजूर केली असती कशावरून?

आणि गाणी म्हणाल तर तीही हरवली नव्हती. 'जॉन द गन' आणि 'लेट नोव्हेंबर' तिने १९७१ च्या एकटीच्या अल्बमात घेतली. 'सिल्व्हर थ्रेड्स' १९७७ च्या 'राँदेव्हू'मध्ये आहे. ट्रेव्हरचं 'नाइट्स ऑफ द रोड' फेअरपोर्टच्या 'रोझी'त, 'रेस्टलेस' 'रायझिंग फॉर द मून'मध्ये. मग या सीडीत नवीन काय मिळालं? आयलंडच्या कपाटाची धूळ?


सहावी तार — ऑक्टोबर २००८

टोचणीबुवा, यादी बिनचूक. पण तुम्ही स्वतःच उत्तर दिलंत की. ही गाणी बाहेर पडली, बँड तेवढा आत राहिला.

'जॉन द गन'ची दोन्ही रूपं लागोपाठ ऐका. १९७१ चं रूप एका गायिकेचं आहे, बाकीचे साथीला. इथे पाच जण एकमेकांकडे बघत वाजवताहेत. कॉनवे ड्रम्सवर काय करतो ऐका: ठोके कमी आणि जागा जास्त. गाण्यातला जॉन म्हणजे युद्धच आहे, आणि याच्या ढोलावर तो जॉन चालत येतो. ही चाल दुसऱ्या रूपात नाही. मला विचाराल तर ३८ वर्षं हीच गोष्ट अडकली होती.

राहिला हक्काचा प्रश्न. त्याच तिघांनी १९७० मध्येही तीच वाद्यं वाजवली होती. त्यांनी नाही तर कोणी पुरं करायचं? कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांनी?


टोचणी — ऑक्टोबर २००८

कोणीच नाही. जसं आहे तसं द्या. अर्धी टेक असेल तर अर्धी. शास्त्रीय संगीताच्या खासगी मैफलींची ध्वनिमुद्रणं आपण खोकल्यासकट ऐकतोच की. मल्हाराच्या मध्ये कोणी तानपुरा नव्याने भरत नाही.


आडवळणी — ऑक्टोबर २००८

मैफल आणि स्टुडिओ यांत फरक आहे हो. मैफल झाली की झाली. स्टुडिओतला कच्चा ट्रॅक कोणी ऐकावा म्हणून गायलेला नसतोच. तो पुढच्या थराचा आधार असतो. तो उघडा करणं हीसुद्धा एक प्रकारची ढवळाढवळच. मला डोनाह्यूचा निर्णय पटतो. एवढं मात्र मान्य की कुठलं १९७० चं आणि कुठलं आत्ताचं हे गाणंवार लिहायला हवं, संग्राहकांना नव्हे, साध्या श्रोत्यालाही कळेल असं.


पल्याड — ऑक्टोबर २००८

नमस्कार, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मी इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ राहते, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं शक्यच नव्हतं! फॉदरिंगे हे गाव आमच्यापासून गाडीने जवळच आहे. नेन नदीच्या काठी, एक चर्च, चार घरं. बँडचं नाव सँडीच्याच त्याच नावाच्या गाण्यावरून आलं, जे तिने फेअरपोर्टच्या दुसऱ्या अल्बमात गायलं. तिथल्या किल्ल्यात स्कॉटलंडच्या मेरी राणीला ठेवलं होतं आणि फेब्रुवारी १५८७ मध्ये तिथेच तिचा शिरच्छेद झाला. गाण्यात आहे ती शेवटच्या रात्रीची राणी. तिसरा रिचर्डही याच किल्ल्यात जन्मला.

किल्ला बघायला जाल तर निराश व्हाल. गवताने भरलेला एक उंचवटा आणि कुंपणाआड दगडाचा एक तुकडा. मेंढ्या असतात. आपल्याकडच्या गडांची सवय असलेल्या नवऱ्याने विचारलं, 'हे एवढंच?' चर्चचा अष्टकोनी मनोरा मात्र खरोखर सुंदर आहे, तो चुकवू नका.

सीडीतलं माझं आवडतं 'वाइल्ड माउंटन थाइम'. इथल्या प्रत्येक फोक क्लबात रात्री उशिरा सगळे मिळून गातात ते गाणं, बेलफास्टच्या मॅकपीक कुटुंबाकडून आलेलं. इतकं गाऊन गाऊन गुळगुळीत झालंय की आता ऐकवत नाही. आणि सँडी ते असं गाते की जणू आजच कोणी तिला शिकवलंय.


गडकोट — ऑक्टोबर २००८

संगीतातलं मला फार कळत नाही, पण धाग्यातला इतिहास मस्त. एक प्रश्न: अल्बममध्ये 'बोल्ड जॅक डोनाह्यू' नावाचं गाणं आहे. तो त्या गिटारवाल्याचा कोणी पूर्वज का?


आडवळणी — ऑक्टोबर २००८

हाहा, नाही, आडनाव जुळलं इतकंच. हा जॅक डब्लिनचा. शिक्षा होऊन १८२५ मध्ये ऑस्ट्रेलियाला पाठवला गेला, तिथून निसटला, रानात टोळी जमवली आणि सप्टेंबर १८३० मध्ये सिडनीच्या पश्चिमेला शिपायांच्या गोळीने मेला. त्याच्यावरची गाणी दारूच्या गुत्त्यांत गायला बंदी होती असं सांगतात, त्यामुळे ती अर्थातच जास्त गायली गेली. ट्रेव्हरला या बंडखोरांचं वेड होतं. पहिल्या अल्बमात त्याने नेड केलीवर स्वतः गाणं लिहिलंय.


गडकोट — ऑक्टोबर २००८

१८३० म्हणजे इकडे उमाजी नाईकांचा काळ! पुरंदरच्या मुलखात रामोश्यांना घेऊन इंग्रजांशी लढले, फेब्रुवारी १८३२ मध्ये पुण्यात फाशी. सरकार एकच, दोन टोकांना दोन बंडखोर, आणि दोघांची कीर्ती कागदावर आली त्याआधी गाण्यात आली. फरक एवढाच की त्यांच्या पोवाड्याला कोणीतरी इलेक्ट्रिक गिटार लावली. आपल्याकडे हा प्रयोग कोणी केला असेल तर सांगा, मी पहिला तिकीट काढतो.


सहावी तार — ऑक्टोबर २००८

अवांतर, पण जबरदस्त. वेगळा धागा काढा, मी गिटार घेऊन येतो.


पल्याड — ऑक्टोबर २००८

गडकोट, मग तुम्ही 'एपी मोरे' ऐकाच. जुनं स्कॉटिश कथागीत. एक सरदार मुलीला पळवून नेतो, बळजबरीने लग्न लावायला बघतो आणि ती रात्रभर त्याच्याशी झुंजून त्याला हात लावू देत नाही. सकाळी घोडा मागवून घरी परत! या जुन्या गीतांत बहुतेक बायका तळ्यात बुडतात किंवा झुरून मरतात. ही जिंकते. ट्रेव्हरचा घोगरा आवाज या गोष्टीला शोभतो.


टोचणी — ऑक्टोबर २००८

ट्रेव्हरच्या आवाजावरच यायचं होतं. जवळजवळ निम्मा अल्बम तो गातो. ज्यांच्या घरात सँडी डेनी आहे त्यांनी माइक दुसऱ्याच्या हातात का द्यावा? याच कारणाने निर्माता जो बॉइडचा बँडला विरोध होता, आणि या बाबतीत मी बॉइडच्या बाजूने आहे. यांचा निर्माता तोच, निक ड्रेक या गायकाला घडवणाराही तोच, कान तर होते ना त्याला?


आडवळणी — ऑक्टोबर २००८

कान होते, हिशोबही होता. बॉइडने 'व्हाइट बायसिकल्स' या आठवणींच्या पुस्तकात स्वतःची बाजू मांडली आहे. पाच जणांना सारखा पगार, स्वतःची अवाढव्य ध्वनियंत्रणा (बँडवाले तिला 'स्टोनहेंज' म्हणत), आणि कमाई त्या मानाने किरकोळ. सँडी एकटी गायली तर विकली जाईल हे त्याचं ठाम मत. त्यात २ ऑक्टोबर १९७० ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये यांच्या कार्यक्रमात आधी गाण्यासाठी म्हणून एल्टन जॉनला बोलावलं. त्याने पियानोवर उड्या मारून सभागृह डोक्यावर घेतलं आणि नंतर यांची शांत गाणी. काय होणार होतं?

पण मला राग येतो तो पुढच्या भागाचा. सँडीने मन मारून बँड मोडला आणि त्याच सुमारास बॉइड आपली कंपनी आयलंडला विकून वॉर्नर ब्रदर्सच्या नोकरीसाठी कॅलिफोर्नियाला निघून गेला. जिच्यासाठी बँड मोडायचा ती इकडेच. १९७० मध्येच 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी तिला ब्रिटनची सर्वोत्तम गायिका ठरवलं होतं, हे आणखी.

माइकबद्दल: तिलाच तो द्यायचा होता. तिला पुढे एकटीने उभं राहायला आवडत नसे, बँडमध्ये एक जण असायला आवडे. तिच्या चारही एकल अल्बमांत मला थोडं जास्त व्हायोलिन, थोडी जास्त सजावट वाटते. या दोन अल्बमांत तिचा आवाज सुखात आहे. ट्रेव्हरची गाणी ही त्या सुखाची किंमत, आणि मी ती आनंदाने देतो.


सहावी तार — ऑक्टोबर २००८

+१. शेवटचं वाक्य वाचनखूण.

आणि बँड मोडून तरी काय झालं? डोनाह्यू आणि ट्रेव्हर १९७२ मध्ये फेअरपोर्टमध्ये, १९७४ मध्ये सँडीही तिथेच परत. पाचांपैकी तिघं पुन्हा एका गाडीत!


खरवस — ऑक्टोबर २००८

धागा वाचून पहिला अल्बम ऐकला. 'टू मच ऑफ नथिंग' हे बॉब डिलनचं आहे ना? मला ते डिलनच्या कुठल्याच साठच्या दशकातल्या रेकॉर्डवर सापडेना.


आडवळणी — ऑक्टोबर २००८

खरवस, फार सुंदर जागी बोट ठेवलंस. ते गाणंच मुळी एका दडलेल्या अल्बमातलं! डिलन आणि 'द बँड'च्या मंडळींनी १९६७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकजवळच्या घरात, तळघरात बसून ढिगाने गाणी मुद्रित केली. प्रकाशित केली नाहीत. त्यातली काही फक्त इतर गायकांना गाता यावीत म्हणून फिरवली. ब्रिटनच्या फोक-रॉकवाल्यांनी त्यावर ताव मारला. फेअरपोर्टचं 'मिलियन डॉलर बॅश' त्यातलंच. डिलनने स्वतः ते 'बेसमेंट टेप्स' म्हणून काढले १९७५ मध्ये.

टोचणीबुवांसाठी खास माहिती: १९७५ च्या त्या अल्बमातही काही जागी नंतर वाद्यं भरली होती. त्यावरचं भांडण अजून चालू आहे.

आणि सँडीचीही आणखी एक अशीच कथा. १९६७ च्या उन्हाळ्यात ती स्ट्रॉब्ज या बँडबरोबर कोपनहेगनला जाऊन एक अख्खा अल्बम गाऊन आली. तो बाहेर पडला १९७३ ला. 'फॉदरिंगे २'मधलं शेवटचं 'टू वीक्स लास्ट समर' हे त्याच स्ट्रॉब्जच्या डेव्ह कझिन्सचं. या बाईच्या गाण्यांना उशिरा पोचायची खोडच होती.


टोचणी — ऑक्टोबर २००८

'बेसमेंट टेप्स'वरही माझं तेच मत आहे. पण सीडी मागवली आहे. लगेच टाळ्या नकोत.


सहावी तार — एप्रिल २०१५

धागा वर काढतोय.

युनिव्हर्सल कंपनीने 'नथिंग मोअर' नावाचा संच काढलाय: दोन्ही अल्बम, १९७० च्या रॉटरडॅमच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण, आणखी बरंच काही, शिवाय एक डीव्हीडी. त्या डीव्हीडीवर जर्मनीच्या 'बीट-क्लब' कार्यक्रमातलं चित्रण आहे. सँडी पियानोवर, मान किंचित तिरकी, बाजूला ट्रेव्हर बारा तारांची गिटार घेऊन. मी यांना हलताना पहिल्यांदाच पाहिलं. डोनाह्यू अगदी पोरगेलासा दिसतो.


टोचणी — एप्रिल २०१५

घेतला. रॉटरडॅम ऐकलं. हेच म्हणत होतो मी: जसं वाजलं तसं, चुकांसकट. आता तुलना करून सांगतो की 'फॉदरिंगे २'पेक्षा मला हे जवळचं वाटतं, आणि दोन्ही ठेवणार आहे.


पल्याड — जुलै २०१५

राहिलेले तिघं या वर्षी दौऱ्यावर आहेत! सँडीच्या जागी कॅथरिन रॉबर्ट्स आणि सॅली बार्कर, ट्रेव्हरच्या जागी पीजे राइट. मी गेले होते. कोणी सँडीची नक्कल करत नव्हतं हे फार बरं वाटलं. 'एपी मोरे'ला प्रेक्षकांतल्या बायकांनी सर्वात मोठ्याने साथ दिली, गडकोट यांनी नोंद घ्यावी. मध्यंतरात कॉनवेंशी दोन मिनिटं बोलता आलं. मी भारतातून आलेय म्हटल्यावर तबल्यावरच बोलत राहिले.


गडकोट — जुलै २०१५

नोंद घेतली. इकडे उमाजींच्या पोवाड्याला गिटार लावणारं अजून कोणी भेटलेलं नाही. सहावी तार कुठे आहेत?


सहावी तार — जुलै २०१५

ईएमआय भरतोय.


आडवळणी — एप्रिल २०२४

जेरी कॉनवे गेले, २९ मार्चला. १९९८ पासून दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते फेअरपोर्टचे ड्रमर होते. ज्या बँडमधून सँडी बाहेर पडली म्हणून फॉदरिंगे झाला, त्याच बँडमध्ये तिच्या ड्रमरने आपली इतकी वर्षं काढली. गायक कॅट स्टीव्हन्सच्या सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्ड घरात असतील तर त्यांतही त्यांचे हात आहेत.

डोनाह्यूला २०१६ मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून गिटार थांबली आहे. म्हणजे २००८ मध्ये ते काम उरकलं नसतं तर आता ते करणारं कोणी राहिलं नसतं. टोचणीबुवा, आहात का?


टोचणी — एप्रिल २०२४

आहे. आजही म्हणतो, कच्च्या टेप स्वतंत्रपणे द्यायला हव्या होत्या, आणि अजून देता येतील. कंपनीने द्याव्यात. पण २००८ चं काम त्यांनी केलं ते त्यांच्याच हातांनी केलं, हे मोलाचं. कॉनवेंचे ठोके 'लेट नोव्हेंबर'मध्ये ऐकतोय.


खरवस — मे २०२४

माझ्या मुलीला (वय १९, कानात सतत काहीतरी) हा धागा वाचायला दिला. विचारतेय, सुरुवात पहिल्यापासून करू की दुसऱ्यापासून?


पल्याड — मे २०२४

पहिल्यापासून, आणि शेवटचं गाणं 'बँक्स ऑफ द नाइल' रात्री, मोबाइल लांब ठेवून. आठ मिनिटांचं आहे. ते आवडलं तर दुसरा ती स्वतःच शोधेल; नाही आवडलं तर तिला एल्टन जॉन लावून द्या.